न फिरवलेलं फडकं

माझं काम अंधारात केळी बघण्याचं आहे. बुऱ्हाणपूरहून शहापूरकडे निघालं की रस्त्यालगत केळीची पॅकहाऊसं लागतात. त्यांतल्या एकात मी गेली नऊ वर्षं हे काम करतो. शेतातून आलेली केळी इथं तपासून, धुऊन खोक्यांत भरतात आणि मग ती कंटेनरमधून समुद्रापार जातात. आमच्या शेडच्या कोपऱ्यात एक खिडकी नसलेली खोली आहे. भिंती आतून काळ्या, दाराला जाड काळा पडदा, वर जांभळट नळीचा दिवा. हा दिवा लावला तरी खोलीत उजेड पडत नाही. काही वस्तू मात्र आपोआप उजळून दिसायला लागतात. कोणती वस्तू उजळली आणि का, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो.

संपादक म्हणाले, "दिवाळीचा अंक आहे, तुमच्या दिव्यावर लिहा." मी दोनदा हो म्हटलं आणि दोनदा टाळलं. कारण त्या दिव्यावर लिहायचं तर एका बाईच्या गोधड्यांबद्दल लिहावं लागणार होतं. सहा वर्षांपूर्वी मी एक भरलेली ट्रॉली नापास केली. तो माल चांगला होता. हे मला आठवड्याच्या आत कळलं आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा बोल त्या बाईनं आपल्याच घरात सहा वर्षं ऐकला. त्यांना विचारून मी हे लिहितो आहे. नावं बदलली आहेत. "माझं नाव सुमन ठेवा, मले ते शाळेपासून आवडते," असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मालकांना मी इथं दगडूभाऊ म्हणतो.

आधी दिव्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

जांभळ्या रंगाच्या पलीकडे एक उजेड असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पुस्तकात त्याला अतिनील किरण म्हणतात. काही पदार्थ तो उजेड पितात आणि बदल्यात आपल्याला दिसेल असा उजेड बाहेर टाकतात. हिरवं, कच्चं, निरोगी केळं आमच्या दिव्याखाली काळपट दिसतं, जवळजवळ दिसतच नाही. पण सालीतला हिरवा रंग मोडायला लागला, म्हणजे केळं पिकण्याकडे झुकलं, की ते निळं उजळतं. बाहेर उन्हात तुम्हाला ते अजून हिरवंच दिसत असतं. पूर्ण पिकलेली फणी तर अशी निळी दिसते की नवख्या माणसाला ती खावीशी वाटणार नाही. मार लागलेली जागाही काही तासांनी फिकट उजळते. नेहमी नाही, पण बऱ्याचदा. बाहेर तो मार दोन-तीन दिवसांनी तपकिरी डाग होऊन दिसतो, आणि तोवर खोकं समुद्रात असतं. एक फणी पिकायला लागली की तिच्यातून निघणारा वायू शेजारच्या फण्यांना पिकवतो. म्हणून कंटेनर भरण्याआधी आमचा दिवा.

संत्र्या-मोसंब्यांचं वेगळं. त्यांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल खरचटली की तेल पसरतं आणि तेवढी जागा पिवळसर चमकते. हे इतवाऱ्यातल्या एका फळवाल्याला कुठून तरी कळलं. तो मला एका दुपारी ओढत ठोक व्यापाऱ्याच्या दुकानात घेऊन गेला. भर बाजारात अंधार कुठून आणायचा? त्यानं हमालाचं कांबळं मागून घेतलं, आणि आम्ही दोघं संत्र्याच्या पेटीवर वाकून डोक्यावरून कांबळं ओढून हातबत्तीनं संत्री बघायला लागलो. बाहेर गर्दी जमली. कुणी तरी विचारलं, "वाफारा घेत हाय का?" फळवाला कांबळ्यातून ओरडला, "घेतो, तुले बी घ्यायचा का?" पाच मिनिटांनी आम्ही घामाघूम होऊन बाहेर आलो तेव्हा व्यापाऱ्यानं शांतपणे विचारलं, "मग? किती पेट्या देऊ?" पेटी अर्धी खराब होती. फळवाल्यानं तरी घेतली. वर्षानुवर्षांचा व्यवहार होता, बत्तीसाठी तो थोडाच मोडणार?

केळीकडे मी कापडातून आलो. बुऱ्हाणपुरात पॉवरलूमची खडखड ऐकत मोठा झालो आणि वयाच्या विशीत एका कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात लागलो. मागावरून आलेल्या कोऱ्या कापडावर तेलाचे थेंब पडलेले असतात, ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिव्याखाली मात्र दिसतात. आणखी एक काम होतं. पांढऱ्या कापडाला जास्त पांढरं दाखवण्यासाठी धुण्यात एक पूड घालतात. तीच पूड घरच्या कपडे धुण्याच्या पावडरीतही असते. ती दिव्याखाली झगझगीत निळी चमकते. दोन थानं समोर धरली की कोणत्यात पूड जास्त पडली, हे मी दारातून सांगायचो. बारा वर्षं हे केलं. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण ज्या दिवशी ती माझ्या लक्षात असायला हवी होती त्या दिवशी ती राहिली नाही.

कारखाना बंद पडला आणि पॅकहाऊसच्या मॅनेजरांनी मला बोलावलं. ते इंदूरचे. त्यांनी नवा दिवा मागवला होता आणि तो कुणाला कळत नव्हता. मी आलो आणि 'बत्तीवाले भाऊ' झालो.

खोलीचे नियम मीच केले. आत दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. दिव्याकडे वर बघायचं नाही. आणि पांढरे किंवा नवे धुतलेले कपडे घालून आत यायचं नाही, कारण ते चमकतात आणि केळ्यावरचं काही दिसत नाही. दारावर मी स्वतः पाटी लिहून लावली. पॅकिंगच्या बायकांची मुकादम शेवंताबाई. तिला या खोलीत दातही चमकतात हे पहिल्याच दिवशी कळलं. त्यानंतर आत आली की ती ओठ घट्ट मिटून उभी राहायची. "या भाऊच्या खोलीत हसाची बी चोरी हाय," असं बाहेर जाऊन सांगायची.

एकदा तीच आत फण्या मांडत होती आणि मी दिवा लावला. फण्यांच्या बेचक्यात काही तरी हिरवट चमकलं. मला वाटलं, नवाच रोग. मी वाकून बघायला लागलो. शेवंताबाईनं माझी कॉलर धरून मला मागं खेचलं. विंचू होता. विंचू या दिव्याखाली हिरवट चमकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "रोग पाहू राहिले व्हते का? चावला असता तं निदान झालं असतं." त्या दिवशी मी माझी पहिली गोष्ट शिकलो: दिवा फक्त सांगतो की इथं काही तरी चमकतंय. ते काय आहे, हे माणसानं शोधायचं असतं. शिकलो असं आपलं म्हणतो. पुढचं वाचा.

दगडूभाऊंची केळी तापीच्या काठावरची. त्यांच्या गावातून तोवर कुणी परदेशी माल दिला नव्हता. सगळे गावातच व्यापाऱ्याला बाग दाखवून घड तोडून देत. दगडूभाऊंनी पहिल्यांदा आमच्या यादीत नाव घातलं, तेव्हा त्यांचा चुलतभाऊ पारावर म्हणाला म्हणे, "दगडूचं केळं आता पासपोर्ट काढनार."

कापणीच्या आधी मी त्यांच्या बागेत गेलो होतो. ते पण माझं काम. घड कसा उतरवायचा, खांद्यावर फोमची गादी कशी ठेवायची, ट्रॉलीत कसं ठेवायचं, हे मी समजावत होतो. दगडूभाऊ मान हलवत होते. प्रश्न विचारत होत्या सुमनवहिनी. घड उतरवताना दांडा किती ठेवायचा, चीक गळतो तो कुणीकडे वळवायचा, सगळं. कापणीच्या वेळी माणसांवर उभ्या राहणार होत्या त्याच, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

"ट्रॉलीत काय टाकू?" त्यांनी विचारलं. "केळीची पानं टाकतो आम्ही."

"पानं घसरतात," मी म्हटलं. "जाड कापड टाका. गोधड्या चालतील. पण स्वच्छ हव्यात बरं का. धूळ-खडा असला की सालीला ओरखडे पडतात."

"स्वच्छ म्हंजे? धुवून?"

"धुवूनच."

हे मी बोललो. यातला शब्द न् शब्द मला आठवतो.

त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या, शेजारच्या दोन मागून आणल्या, आणि कापणीच्या आदल्या दिवशी धुतल्या. साध्या साबणानं नाही. माल परदेशी चाललाय म्हणून चांगली पावडर विकत आणून. गोधड्या जाड, सकाळपर्यंत पुरत्या वाळल्या नाहीत. तशाच दमट त्यांनी ट्रॉलीत अंथरल्या आणि दोन थरांच्या मध्येही घातल्या. एवढी काळजी आमच्या जुन्या शेतकऱ्यांतही कुणी घेत नसे.

ट्रॉली आली त्या दिवशी आमच्याकडे खरेदीदारांचे दोन पाहुणे आले होते. मॅनेजरसाहेब त्यांना शेड दाखवत होते आणि सगळ्यात शेवटी दिव्याची खोली. मी इस्त्रीची गडद निळी पँट आणि काळा शर्ट घालून सकाळपासून तयार होतो.

आमची पद्धत अशी: ट्रॉली आली की टाकीत धुण्याआधी वेगवेगळ्या थरांतून काही फण्या काढून दिव्याखाली बघायच्या. अर्ध्याहून जास्त फण्या चमकल्या तर माल परत, आणि त्या शेतकऱ्याचं नाव त्या हंगामापुरतं यादीतून बाहेर.

मी पहिली फणी दिव्याखाली धरली आणि ती निळी चमकली. दुसरी तशीच. तिसरीही. निळे डाग, एका अंगाला. डागांत बारीक ठिपक्यांच्या ओळीही दिसत होत्या, सरळ, समान अंतरावर. आज मला त्या ओळी डोळे मिटले तरी दिसतात. मार असा ओळीत लागत नाही. पिकणं ओळीत होत नाही. पण माझ्या मागं दोन पाहुणे श्वास रोखून उभे होते आणि मॅनेजरसाहेब त्यांना सांगत होते, "देखिए, जो आपको बाहर नहीं दिखेगा, वो इनको यहाँ दिखता है."

मी म्हटलं, "दाबाचा मार आहे. दोरीचे वळ दिसतात. लॉट जाणार नाही."

पाहुणे प्रसन्न झाले. मॅनेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पाहुणे बाहेर गेल्यावर मी दगडूभाऊंना आत बोलावून फण्या दाखवल्या. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी निळे डाग पाहिले. सुमनवहिनी पडद्याबाहेर उभ्या होत्या. खोलीत जागा नव्हती असं नाही. मी त्यांना आत बोलावलं नाही.

पडद्याबाहेरून त्यांचा आवाज आला, "भाऊ, एकडाव पुसून तं पाहा."

मी आतून म्हटलं, "वहिनी, हा डाग सालीच्या आतला असतो. पुसून जात नाही."

"तरी पन. वलं फडकं फिरवून पाहा ना."

शेडमध्ये पाण्याची टाकी दहा पावलांवर होती. फडकी तर जिकडेतिकडे पडलेली. मी म्हटलं, "हे भांडं नाही वहिनी, की घासलं आणि झालं."

शेडमधल्या दोन-चार जणी हसल्या. दगडूभाऊ पडदा सारून बाहेर गेले आणि मी त्यांना बोलताना ऐकलं, "तूच उभी व्हती ना तोडीवर? मंग मार लागला कसा?" मग ट्रॉलीचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

पाच दिवसांनी मी शनवारा भागात रफीकभाईंकडे गेलो होतो. त्यांचं केळी पिकवण्याचं चेंबर आहे. आमच्याकडून परत गेलेला माल बऱ्याचदा त्यांच्याकडे येतो. ते एका फणीवरून हात फिरवत होते. पिवळीधमक, एक डाग नाही.

"भाई, ऐसा माल साल में एकाध बार आता है," ते म्हणाले. "एक्सपोर्टवालों ने वापस कर दिया. कौन अंधा बैठा है वहाँ?"

मी विचारलं माल कुणाचा. त्यांनी गाव सांगितलं. मी विचारलं, सगळाच असा निघाला? "पूरा. एक केला काला नहीं." मार लागलेलं केळं पिकताना लपत नाही. चेंबरमधून ते काळे डाग घेऊनच बाहेर येतं.

मग मी घरी गेलो नाही, पॅकहाऊसवर गेलो. सुट्टीचा दिवस होता. वाटेत मी गोधडी, दमट, धुतलेली, ओळी असं जुळवत गेलो आणि पोचेपर्यंत मला सगळं कळलं होतं. तरी करून पाहिलं. सायकलच्या पिशवीत बायकोनं धुऊन दिलेला पंचा होता. तो भिजवून पिळला, एका हिरव्या फणीवर दाबला, दिवा लावला. निळा डाग. पंच्याच्या विणीसकट. मग ओलं फडकं फिरवलं. डाग गेला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

बारा वर्षं कापडात हीच पूड ओळखण्याचा पगार घेतलेला माणूस मी. दारावर 'धुतलेले कपडे घालून येऊ नये' ही पाटीही माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना सांगायचं ठरवून गेलो. त्यांनीच मला आधी बोलावलं. पाहुणे फार खूश होते, म्हणाले. त्यांनी करार वाढवला होता. मला तपासणीचा इनचार्ज केलं, खोलीत पंखा बसवून देतो म्हणाले. मी 'थँक यू सर' म्हटलं. बाहेर येऊन खोलीत खिळा ठोकला आणि एक फडकं ओलं करून टांगलं. त्या दिवसापासून चमकलेली प्रत्येक फणी मी आधी पुसतो, मग बोलतो. शेवंताबाईनं विचारलं, "हे नवं काय?" मी म्हटलं, "नवी पद्धत." पद्धत सुधारली की चूक फिटली, असं मी स्वतःला समजावलं. एक ट्रॉलीच तर होती. पुढच्या हंगामात दगडूभाऊंचं नाव मी स्वतः यादीत घालायला गेलो, ते नको म्हणाले. मला सुटल्यासारखं झालं, हेही इथं लिहून टाकतो.

सहा वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी पंगतीत बसलो होतो आणि समोर दगडूभाऊ येऊन बसले. त्यांनी मला ओळखलं. शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "हे बत्तीवाले भाऊ. यायनंच आमचा माल पकडला व्हता. आमच्या मंडळीनं पार आपटून आनला व्हता, बत्तीत दिसलं सगळं." आणि हसले. राग नव्हता त्यात. सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट होती ती. सुमनवहिनी बायकांच्या पंगतीत वाढत होत्या, तेवढ्यात इकडे आल्या. त्यांनीही ऐकलं. मला म्हणाल्या, "भाऊ, भात घ्या."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आता तोडीवर वहिनीच उभ्या राहतात ना?"

"नाही, नाही," दगडूभाऊ म्हणाले. "तव्हापासून ठेका दिला. ही डबा घेऊन येते. घडाले हात लावू देत नाही मी."

मी तिथंच बोलायला हवं होतं. पंगतीत बोललो नाही. हात धुताना बोललो नाही. गाडी काढताना दगडूभाऊ सोडायला आले, तेव्हाही नाही. त्यानंतर आणखी तीन आठवडे घालवले.

शेवटी एका रविवारी सकाळी मॅनेजरसाहेबांच्या घरी जाऊन त्यांना आधी सांगितलं. ते चहा पीत होते. "अरे छोड़ो भाई, इतनी पुरानी बात," म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, "तुम जा रहे हो वहाँ?" मी हो म्हटलं. "हातबत्ती ले जाओ," म्हणाले. पॅकहाऊसमधून हातबत्ती आणि एक हिरवी फणी घेतली. कुणाच्या घरी जायचं म्हणून धुतलेला पांढरा सदरा घातला होता. त्याचं काही लक्षात आलं नाही.

दोघं ओसरीवर होते. मी पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं. मध्ये थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं. माल चांगला होता. मार नव्हता. ते पावडरीचे डाग होते. मला पाचव्या दिवशी कळलं.

आधी बोलल्या सुमनवहिनी.

"पाचव्या दिशी कळलं, अन् सहा वर्सांनी सांगाले आले?"

"हो."

"बुऱ्हानपूर काय लंडनले हाय का? अर्ध्या घंट्याचा रस्ता हाय."

मी पिशवीतून बत्ती आणि फणी काढून समोर ठेवली.

"मले काहून सांगता मंग? मले मालूमच व्हतं मी घड आपटले नाही ते." त्यांनी मालकाकडे हात केला. "यायले दाखवा. यायनं डोयानं पाहिलं म्हने. डोयानंच दाखवा."

मी विचारलं, त्या गोधड्यांपैकी एखादी आहे का. त्या आत गेल्या आणि एक घेऊन आल्या. विरलेली, पण धुतलेली. फवारणीचे पंप ठेवायच्या खोलीत आम्ही तिघं गेलो. दगडूभाऊंनी झरोक्यात पोतं कोंबलं, दार लावलं. मी तिथल्या बादलीतलं पाणी घेऊन गोधडीचं टोक भिजवून पिळलं आणि फणीवर दाबून धरलं. मग बत्ती लावली.

फणीवर निळा डाग उमटला होता. त्यात ठिपक्यांच्या ओळी, सरळ, समान अंतरावर.

"थांबा," सुमनवहिनी म्हणाल्या. त्या खाली वाकल्या. "हे तं टाके हायत. हे माझे टाके हायत."

त्यांनी खुंटीवरचं जुनं फडकं बादलीत बुडवलं आणि फणीवरून फिरवलं. एकदाच. फणी काळी झाली, जशी निरोगी फणी दिसायला हवी तशी.

"म्हंजे मार नव्हता?" दगडूभाऊंनी विचारलं.

"नव्हता."

"एका बी फनीले?"

"एकाही नाही."

त्यांनी माझ्या हातातून बत्ती घेतली आणि ती गोधडीवर धरली. गोधडी टाक्या-टाक्यानं उजळली. त्यांनी एका टाक्यावरून बोट फिरवलं. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "बुधवारी तोड हाय."

"मंग?"

"मंग काही नाही. ठेकेदाराले नको म्हनतो. तू हाय ना?"

"पाहू," त्या म्हणाल्या. "मले बी काम असते."

मग सुमनवहिनींनी बत्ती दगडूभाऊंच्या हातातून काढून घेतली आणि माझ्यावर धरली. माझा सदरा कॉलरपासून खालपर्यंत भगभगीत निळा झाला. त्या खोलीत तेवढं दुसरं काही चमकत नव्हतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या सदऱ्याले बी लई मार लागला दिसते."

अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. दात चमकले, म्हणून कळलं की त्या हसताहेत.